उर्वशीच्या फांदीवरची पुरचुंडी

इनामदारबाई पापलेटाचा कल्ला उचलून बघायच्या. तशा सगळ्याच बघतात. पण बाकीच्या बायका एकदा बघत, इनामदारबाई तीनदा. एकदा चष्मा लावून, एकदा चष्मा काढून, आणि तिसऱ्यांदा कल्ल्याकडे न बघता माझ्या आईच्या तोंडाकडे बघत. कल्ला कुंकवासारखा लाल असला तरी म्हणायच्या, "शिळा वाटतोय." आई टोपलीवरचं फडकं परत ओढायला लागायची. "बाई, तो मेलाय हे अजून त्यालाच कळलं नाय, आन् तुमी त्याला शिळा म्हणता?" मग अर्धा तास बाईंचा आईवर संशय, आईचा बाईंवर, आणि शेवटी दोन पापलेटं आत. मी शेजारी दुसरी टोपली घेऊन उभी. सोळा वर्षांची. शाळा सातवीतच सुटलेली, पण जगातलं सगळं मला कळतं याची पक्की खात्री. आज सत्तरीत त्या पोरीची आठवण आली की वाटतं, हिला एक थोबाडीत द्यावी आणि मग जवळ घ्यावं.

आम्ही सातपाटीचे. बुधवारी आणि शुक्रवारी आई आणि मी होडीने खाडी ओलांडून मुरब्याला उतरायचो, तिथून एसटीने बोईसर, आणि पुढे तारापूरच्या बाजूला साहेबलोकांची कॉलनी. तिथले रस्ते इतके सरळ होते की मला चालताना तिरकं पडल्यासारखं व्हायचं. आमच्या गल्लीत दोन टोपल्या समोरासमोर आल्या तर एकीने मागे जावं लागे. कॉलनीत कुत्रीसुद्धा शांत झोपलेली असत, आणि आजीच्या मते तीच मोठी संशयाची गोष्ट होती. "जिथं कुत्रा भुकत नाय तिथं पाणी पिऊ नको," असं तिने मला बजावलं होतं. इनामदारबाई मला पायरीवर चहा देत. तो मी तीन घोटांत संपवायची आणि घरी सांगायची नाही.

आमच्या घरात संशय हा रोजच्या कामांपैकी एक होता. बाबा बोटीवर गेले की आठ-आठ दिवस समुद्रात. घरात आजी, आई, मी. संध्याकाळी वाऱ्याने बोंबलांचा वास घरात भरला की आजी अंगणात जाऊन बांबूच्या मांडवावर वाळत घातलेले बोंबील मोजायची. शेकड्यांनी बोंबील, दोन-दोन जबड्यात जबडा अडकवून टांगलेले, वाऱ्याने एकमेकांवर आपटून सुक्या पानांसारखे वाजायचे, आणि आजी बोट नाचवत मोजायची. दोन कमी आले की कावळ्याचं नाव नाही, मांजराचं नाही; सरळ शेजारच्या यमुनाआत्याचं. यमुनाआत्या तिकडे आपले बोंबील मोजत आमचं नाव घेत असायची. रात्रीच्या भाकरीबरोबर चिंच घातलेलं कालवण आणि यमुनाआत्या, दोन्ही रोज. त्यामुळे मी इनामदारबाईंच्या झाडाबद्दल जे केलं, ते एकटीच्या अकलेने केलं असं म्हणवत नाही. अकलेला घरची फोडणी होती.

ते झाड मी पहिल्यांदा माघात पाहिलं. बंगल्याच्या मागे, आडोशाला, पाण्याच्या टाकीच्या सावलीत. देवळातलं झुंबर उतरवून फांदीला टांगावं तसे हात-हातभर लांब फुलांचे घोस, लाल म्हणावं तर गुलाबी, गुलाबी म्हणावं तर लाल, आणि पाकळीच्या टोकाला हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा ठिपका. एकेक फूल वेगळं लोंबत होतं. कोवळी पानं मात्र ओल्या फडक्यांसारखी मलूल, तांबूस, खाली मान घातलेली. मला वाटलं झाड आजारी आहे. बाई हसल्या. म्हणाल्या, "तिची पानं अशीच जन्माला येतात, मग ताठ होतात. उर्वशी म्हणतात हिला. ब्रह्मदेशातली. माझ्या वडिलांनी लग्नात दिली. या बंगल्यात आल्या दिवशी आधी हिला लावलं, मग सामान सोडलं."

मी एक फांदी मागितली. बाई म्हणाल्या, "फांदी खोचून येत नाही ती." मी बी मागितलं. "इकडे बी धरत नाही." झालं. मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे. जे झाड बी देत नाही आणि फांदीनेही येत नाही, ते जगात आलं कसं? येताना होडीत आई म्हणाली, "नाय द्यायचं तर नाय म्हणावं. एवढं खोटं कशाला?" आणि माझ्या डोक्यात ते झाड घट्ट बसलं. आमच्या गल्लीत तुळस होती, माड होते, कुणाकडे जास्वंद. झुंबर कुणाकडे नव्हतं. ते आपल्या दारात लोंबतंय आणि यमुनाआत्या मोजायचं विसरून त्याच्याकडे बघतेय, एवढं चित्र मला पुरेसं होतं.

त्या उन्हाळ्यात मी पाच फांद्या चोरल्या. आई पुढच्या बंगल्यात घासाघीस करत असायची, बाई आत पैसे आणायला गेलेल्या असायच्या, आणि माळी लहानू जेवायला पुढे फाटकापाशी बसलेला असायचा. लहानू आतल्या पाड्यावरचा, पन्नाशीचा, फार न बोलणारा. मी फांदी मोडून टोपलीत माशांच्या खाली दडपायची. घरी आणून मागच्या बाजूला लावायची आणि जिवापाड जपायची. म्हणजे काय करायची? आमच्याकडे झाडाला जे घालतात ते घालायची: मासे धुतल्याचं पाणी. माडाला तेच, केळीला तेच, मिरचीला तेच. त्यावर सगळं फोफावतं. मी तर लाडाने बोंबील धुतल्याचं खारं पाणीही घातलं, कारण चांगल्या झाडाला चांगलं खाणं. चार दिवसांत फांदी काळी. दुसरी लावली, तीही काळी. मी आरशात बघून स्वतःला एकदाही विचारलं नाही की बये, यात तुझा काही हात आहे का. मी यमुनाआत्याला विचारलं. नळावर, सगळ्यांसमोर. "तू राती येऊन ऊन पाणी वततेस ना माज्या झाडावर?" यमुनाआत्याने हंडा खाली ठेवला आणि माझ्या तीन पिढ्या उद्धरल्या. आजी आणि ती पुढे गणपतीपर्यंत बोलल्या नाहीत. आजीला त्याचं वाईट वाटलं असेल असं मला तेव्हा वाटलं नव्हतं, आता वाटतं.

पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर चढल्या, आमची कॉलनीची फेरी कमी झाली. कधीतरी सुकट आणि बोंबील घेऊन जायचो, ते दारातूनच परत. नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा ताजी मासळी आली आणि मी पुन्हा मागच्या बागेत डोकावले. झाडाच्या एका फांदीवर, माझ्या डोक्याच्या वर हातभर, गोणपाटाची एक पुरचुंडी बांधलेली होती. मुठीएवढी, सुतळीने करकचून आवळलेली. खालच्या बाजूला फांदीची साल कडं काढल्यासारखी सोललेली दिसत होती.

आता सातपाटीतल्या कुठल्याही माणसाला विचारा, बांधलेली पुरचुंडी म्हणजे काय. आमच्या प्रत्येक बोटीच्या पुढच्या टोकाला एक असते. त्यात काय असतं ते बोट चालवणाऱ्या तांडेलाला माहीत, त्याला ज्याने दिली त्याला माहीत; तिसऱ्याने हात लावायचा नाही. ती दुसऱ्याची वाईट नजर अडवायला असते. आणि या बागेत वाईट नजर कुणाची होती? माझी.  बाईंनी मला बांधलं होतं.

दोन दिवसांनी मला ताप आला. त्याच्या आदल्या दुपारी मी खाडीतल्या सात चिंबोऱ्या एकटीने खाल्ल्या होत्या, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे. आजीने कपाळाला हात लावला, पायाला लावला, आणि मी सगळं ओकून टाकलं: फांद्या, पुरचुंडी, पायरीवरचा चहासुद्धा. आजी चहावर थांबली. "पिलीस?"

"पिले."

"मंग झालं. साल सोलली म्हनतेस? ती तुजीच साल हाय." आजीने नुसतं सुपारी कातरत सांगितलं आणि मला माझ्या हातांची कातडी सुटल्यासारखी वाटायला लागली. उपायही तिनेच दिला. जिच्यावर बांधलं तिनेच ते काढायचं आणि ओहोटीच्या पाण्यात टाकायचं. भरतीला टाकलं तर घरी परत येतं.

पुढच्या बुधवारी मी ते केलं. भर दुपारी, बाई झोपलेल्या, आई पलीकडच्या ओळीत. टोपली उलटी घालून वर चढले. गाठ सुटेना. मला जाळ्याच्या गाठी येत होत्या, होडीच्या दोराच्या गाठी येत होत्या, ही देशावरची गाठ सुटेना. शेवटी मासे कापायच्या सुरीने सोललेल्या जागेखालून फांदीच छाटली आणि पुरचुंडी पदराखाली घेतली. मुरब्याच्या धक्क्यावर आई म्हणाली, "काय घेतलंयस गो?" होडी मध्यावर येईपर्यंत मी पदर आवळून धरला. ओहोटी लागली होती, पाणी समुद्राकडे ओढत होतं. मी पुरचुंडी बाहेर काढली. टाकायच्या आधी बघावंसं वाटलं, तेवढाच माझा गुन्हा. गोणपाट एका बाजूने उसवलेलं होतं आणि त्यातून पांढरे, बारीक, ओलसर धागे बाहेर आले होते. एखाद्या म्हातारीच्या डोक्यावरचे केस असावेत तसे.

होडीत अकरा बायका होत्या. अकराही एका बाजूला सरकल्या आणि होडी कलली. नावाडी ओरडला. आई सगळ्यांच्या वर ओरडली, "टाक! टाक गो ते!" मी टाकलं. पुरचुंडी दोनदा वर आली, पानं हलवली, आणि निघून गेली. त्या संध्याकाळी मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. ताप कधी नव्हताच, असं मला वाटायला लागलं.

शुक्रवारी गेलो तर इनामदारबाई मागच्या बागेत उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर लहानू, हात बांधून. बाईंनी टोपलीकडे पाहिलं नाही. आईलाच म्हणाल्या, "बघा हो. तीन गुट्या बांधल्या होत्या आषाढात. साल काढून, शेवाळ आणि माती लावून. दोन कुजल्या. ही एकच धरली होती, मुळं बाहेर आली होती. आठ दिवसांत उतरवणार होते." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तुमच्या पोरीसाठी. उन्हाळ्यात फांद्या कोण मोडत होतं, मला कळत नव्हतं असं वाटलं? म्हटलं, एवढं हवंच आहे तर जिवंत तरी मिळू दे. दिवाळीनंतर यांची बदली आहे. पुढचा येणारा झाड ठेवेल की तोडेल, देव जाणे. बोलले नाही, कारण गुटी धरेपर्यंत बोलायचं नसतं, वडील सांगायचे."

बाईही तसल्याच निघाल्या. आजी आणि त्या एका गल्लीत राहिल्या असत्या तर त्यांची छान दुश्मनी जमली असती.

लहानू म्हणाला, "मी नाय कापलं, बाई."

"धारदार कोयता तुझ्याकडे. शेजारच्या बंगल्यातल्यांनी तुझ्याकडे रोप मागितलं होतं, तेही मला ठाऊक आहे. उद्यापासून येऊ नकोस."

 लहानूने पाण्याची झारी उचलली, नळाखाली धुतली, पालथी ठेवली. मी तोंड उघडलं, तर आईने माझ्या पायावर पाय दिला. आणि मी, जगातलं सगळं कळणारी मी, गप्प बसले. आई होडीत एवढंच म्हणाली, "गिऱ्हाईक जाईल." घरी आजीने भाकरी वाढली, ती माझ्यासमोर वाळली. डोळ्यांसमोर ते पांढरे धागे येत होते. केस नव्हते. मुळं होती. माझ्या दारात रुजायला निघालेली, आणि मीच त्यांना समुद्रात घातलं होतं. वर त्या पालथ्या झारीचं काय करायचं, ते समजत नव्हतं. आजी म्हणाली, "परत बांदलं का काय?" मी पहिल्यांदा तिच्यावर ओरडले.

शनिवारी आमची फेरी नसते. मी एकटी गेले. घरून एक पापलेट घेतलं होतं, रिकाम्या हाताने जायची लाज वाटली म्हणून. बाईंनी दार उघडलं. मी पायरीवर उभी राहून सगळं एका दमात सांगितलं. आजी, चिंबोऱ्या, केस, सगळं. "मी कापली. लहानूने नाय." बाईंनी चष्मा काढला.

"कुठे आहे ती?"

"खाडीत."

"भरतीला टाकलीस की ओहोटीला?"

"ओहोटीला."

"म्हणजे तेवढं तरी नीट केलंस." त्यांचा आवाज फुटला, हसू होतं की काय होतं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मग त्यांनी माझ्या हातातल्या पापलेटाचा कल्ला उचलला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "शिळा आहे. चल मागे."

त्यांनी मला सुरी धरायला शिकवलं. बोटभर रुंदीची साल गोल काढायची, आतलं हिरवं पुसून टाकायचं, शेवाळ आणि ओली माती लाडवासारखी दाबून बसवायची, वर गोणपाट. "आता बांध." मी सुतळी बाजूला ठेवली आणि कमरेला खोचलेला जाळ्याचा दोरा काढला. बाईंनी ती गाठ दोनदा ओढून पाहिली. पावसाळा सरत आला होता, म्हणून वरच्या फांदीला एक मडकं टांगलं, त्याला भोक पाडून चिंधीची वात घातली. थेंब थेंब पाणी पुरचुंडीवर पडत राहील असं. मडकं रोज कोण भरणार? बाईंनी लहानूच्या पाड्यावर दुसरा माणूस धाडला नाही. मलाच धाडलं, खरं सांगून त्याला कामावर परत बोलवायला. त्याने माझं ऐकलं, विडी विझवली, आणि म्हणाला, "पाणी मी घालीन. तू आलीस की हात टोपलीतच ठेवायचे."

दिवाळीनंतर बाई गेल्या. बंगल्याला कुलूप लागलं. पण फाटकाची किल्ली लहानूकडे होती, आणि मी दर बुधवार-शुक्रवार फाटकावर जाऊन उभी राहायची. तो आधी माझे दोन्ही हात बघायचा, मग उघडायचा. मी झाडाखाली उभी राहून मडक्यातून पडणारे थेंब ऐकायची. मार्गशीर्षात काही नाही. पौषात काही नाही. मला लहानूचा संशय यायला लागला होता, लाज वाटते पण येत होता, की हा मडकं भरत नाही, सूड घेतोय. माघात एका बुधवारी त्याने फाटक उघडताना माझ्या हातांकडे पाहिलंच नाही. मी धावत गेले. गोणपाटातून एकच पांढरं मूळ डोकावत होतं, बाळाच्या दातासारखं.

फाल्गुनात लहानूने स्वतः फांदी कापून माझ्या हातात दिली. परतताना होडीतल्या बायकांनी पुरचुंडी ओळखली आणि त्या पुन्हा एका बाजूला गेल्या; मी आणि झाड दुसऱ्या बाजूला. नावाडी म्हणाला, "या वेळी टाकायची तर आदी सांग, होडी सावरून धरतो." झाड मी घराच्या मागे लावलं, बोंबलांच्या मांडवापासून लांब, केळींच्या आड, जिथे समुद्राचा वारा थेट येत नाही. मासे धुतलेलं पाणी आलं की मी आजीचा हात धरायची. आजीने मग त्याला लिंबू-मिरची बांधली. राहू दिली. चौथ्या वर्षी पहिला घोस आला. यमुनाआत्या मांडवापाशी मोजता मोजता थांबली आणि कुंपणावरून बघत राहिली. त्या दिवशी तिचे बोंबील नक्की चुकले असणार. मी एक फूल पाकिटात घालून इनामदारबाईंच्या नव्या पत्त्यावर पाठवलं. टपालात पंधरा दिवस. पोचलं तेव्हा त्याचा चोथा झाला असणार. त्यांचं कार्ड आलं, त्यावर दोनच ओळी होत्या. "फूल मिळाले. ताजे होते."

मी लग्न करून तीन गल्ल्या पलीकडे आले तेव्हा मुंडावळ्यांसोबत माझ्या हातात एक गुटी होतीच. ते झाड आज माझ्या अंगणात उभं आहे. नातवाने मध्यंतरी मोबाइलवरून अजून एक उर्वशी मागवली; आलं ते भलतंच निघालं, पानं बघूनच मी सांगितलं. तो म्हणाला, "आजी, तू सगळ्यांवर संशय घेतेस." घेते. आमच्या घरात तो वाया कधी गेला नाही, फक्त पत्ता चुकत गेला.

यंदाही आषाढात मी तीन पुरचुंड्या बांधल्या. गेल्या आठवड्यात सकाळी बघते तर रस्त्याच्या बाजूची एक नाही. फांदी सोललेल्या जागेखालून छाटलेली, सफाईने, मासे कापायच्या सुरीने. सून शेजाऱ्यांची नावं घ्यायला लागली, नातू कॅमेरा बसवू म्हणाला. मी दोघांना गप्प केलं. ओहोटीच्या वेळी काठी टेकत धक्क्यापर्यंत जाऊन आले, खाडीत काही तरंगताना दिसलं नाही. म्हणजे जी कुणी पोरगी असेल, ती माझ्याहून शहाणी दिसते. घरी येऊन मी त्याच फांदीशेजारी नवीन पुरचुंडी बांधली. या वेळी जरा खाली बांधलीय, टोपली उलटी न घालता हात पोचेल अशी.